विश्लेषण : ‘एएनए पॉझिटिव्ह’ म्हणजे ऑटोइम्यून आजार झालाच का? निदानाला एवढा वेळ का लागतो?

सांधेदुखी, थकवा, केसगळती, अंगावर चट्टे... तक्रारी अनेक, डॉक्टर अनेक, पण आजाराचे नाव सापडत नाही. ऑटोइम्यून आजाराची शंका आल्यावर कोणत्या तपासण्या होतात, त्यांचा खरा अर्थ काय आणि या काळात रुग्णाने काय करावे, याविषयी...

रात्री नऊच्या सुमारास लॅबकडून व्हॉट्सॲपवर पीडीएफ येते. त्यात ठळक अक्षरांत लिहिलेले असते : एएनए पॉझिटिव्ह, १:८०, स्पेकल्ड पॅटर्न. डॉक्टरांची वेळ दोन दिवसांनंतरची असते. तोवर फोनवर शोधाशोध सुरू होते, ‘ल्युपस’ हा शब्द समोर येतो, मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णांच्या कहाण्या वाचल्या जातात आणि घरात कोणालाच झोप लागत नाही.

याच्या अगदी उलटही घडते. सकाळी बोटे इतकी आखडलेली असतात की कपडे पिळता येत नाहीत, डब्याचे झाकण उघडत नाही, अंगात सतत कसर असते. पण अहवाल ‘नॉर्मल’ येतो. ‘टेन्शन घेऊ नका, कॅल्शियम आणि बी-१२ घ्या,’ असे सांगून रुग्णाला घरी पाठवले जाते. पुढची दोन वर्षे दुखणे अंगावर काढण्यात जातात.

पहिल्या घरात कदाचित काहीच झालेले नसते, तर दुसऱ्या घरात आजार हळूहळू सांधे झिजवत असतो. दोन्हीकडे चूक एकच असते, ती म्हणजे रक्ताच्या एका चाचणीला निदान समजणे.

ऑटोइम्यून आजार म्हणजे काय?

आपली प्रतिकारशक्ती बाहेरून आलेल्या जंतूंना ओळखते आणि नष्ट करते. या ओळखण्यात गफलत झाली आणि ती शरीराच्याच पेशींवर उलटली, की होणाऱ्या आजाराला ऑटोइम्यून आजार म्हणतात. हल्ला कुठे होतो, त्यावर आजाराचे नाव ठरते. थायरॉइड ग्रंथीवर झाला तर हाशिमोटो, स्वादुपिंडात इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशींवर झाला तर टाइप १ मधुमेह, सांध्यांच्या अस्तरावर झाला तर आमवात म्हणजेच ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, अश्रू आणि लाळेच्या ग्रंथींवर झाला तर शोग्रेन सिंड्रोम. आपल्याकडे सर्वांना ठाऊक असलेले कोड आणि डोक्यावर चाई पडणे हेही याच कुळातले आजार आहेत. ल्युपस मात्र एका जागी थांबत नाही. त्वचा, सांधे, मूत्रपिंड, रक्तपेशी, फुप्फुसांची आवरणे, मेंदू यांपैकी कशालाही तो धरू शकतो.

शरीर स्वतःवरच हल्ला करते, ही कल्पना वैद्यकशास्त्राने सहज स्वीकारली नव्हती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मन शास्त्रज्ञ पॉल एर्लिख यांचे मत होते की, शरीर अशा आत्मघातापासून स्वतःला रोखते. त्यानंतर अनेक दशके या शक्यतेकडे फारसे कोणी पाहिले नाही. १९५६ मध्ये चित्र बदलले. अमेरिकेत नोएल रोझ आणि अर्नेस्ट विटेब्स्की यांनी सशांवरील प्रयोगांतून, तर ब्रिटनमध्ये आयव्हन रॉयट, डेबोरा डोनियाक आणि सहकाऱ्यांनी हाशिमोटोच्या रुग्णांच्या रक्तातून थायरॉइडविरुद्धच्या अँटीबॉडी दाखवून दिल्या. म्हणजे हे शास्त्र जेमतेम सत्तर वर्षांचे आहे. २०२५ चे वैद्यकशास्त्राचे नोबेलही याच प्रश्नाशी जोडलेले आहे. मेरी ब्रंको, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची यांना ते मिळाले. प्रतिकारशक्तीला लगाम घालणाऱ्या ‘रेग्युलेटरी टी’ पेशी आणि त्यांचे नियंत्रण करणारे जनुक त्यांनी शोधले होते. हा लगाम सुटला की आजार होतो, हे समजले आहे. पण एखाद्या ठरावीक व्यक्तीत तो नेमका का सुटला, हे सांगणारी चाचणी आजही दवाखान्यात उपलब्ध नाही.

निदान इतके अवघड का असते?

पहिले कारण म्हणजे तक्रारी विखुरलेल्या असतात. गालावरच्या लाल चट्ट्यासाठी रुग्ण त्वचारोगतज्ज्ञांकडे जातो आणि ‘वांग’ समजून क्रीम घेऊन येतो. बोटे दुखतात म्हणून हाडांच्या डॉक्टरांकडे, तोंड वारंवार येते म्हणून दंतवैद्याकडे, डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपते म्हणून नेत्रतज्ज्ञांकडे, थकव्यासाठी फॅमिली डॉक्टरांकडे. प्रत्येकाने आपापल्या भागाचे काम नीट केलेले असते. पण पाचही केसपेपर एका टेबलावर कधीच येत नाहीत.

दुसरे कारण म्हणजे हे आजार भरती-ओहोटीसारखे वागतात. त्रास वाढतो, काही आठवड्यांनी आपोआप कमी होतो. डॉक्टरांची वेळ मिळेपर्यंत चट्टा गेलेला असतो, सूज उतरलेली असते.

तिसरे कारण म्हणजे सुरुवातीच्या तक्रारी अगदी सामान्य आजारांशी जुळतात. थकवा आणि केसगळती रक्तक्षयातही होते, थायरॉइडमध्येही आणि बाळंतपणानंतरही. ल्युपसच्या दहा प्रौढ रुग्णांपैकी सुमारे नऊ स्त्रिया असतात आणि त्यातल्या बऱ्याच जणींना तो ऐन तारुण्यात, घर, नोकरी आणि मुले सांभाळण्याच्या वयात गाठतो. त्या वयात ‘दमणूक होणारच’ हे उत्तर घरच्यांनाही पटते आणि खुद्द रुग्णालाही. शिवाय अनेक वैद्यकीय पुस्तकांत चट्ट्यांचे वर्णन गोऱ्या त्वचेवरून केलेले आहे. सावळ्या त्वचेवर तोच चट्टा लाल न दिसता तपकिरी किंवा जांभळट दिसू शकतो आणि नजरेतून निसटतो.

पैसा आणि प्रसिद्धी असलेल्यांचीही यातून सुटका होत नाही. टेनिसपटू व्हीनस विल्यम्सने २०११ मध्ये अमेरिकन ओपनमधून माघार घेतली, तेव्हा तिला शोग्रेन सिंड्रोम असल्याचे जगाला कळले. तिला त्रास मात्र त्याआधी काही वर्षांपासून होता. आपल्याकडे अभिनेत्री समंथा रुथ प्रभू हिने ऑक्टोबर २०२२ मध्ये स्वतःला मायोसायटिस, म्हणजे स्नायूंना सूज आणणारा ऑटोइम्यून आजार असल्याचे जाहीर केले. तेव्हा अनेकांनी हा शब्द पहिल्यांदाच ऐकला.

एएनए चाचणी नेमके काय मोजते?

एएनए म्हणजे अँटीन्यूक्लिअर अँटीबॉडी. पेशीच्या केंद्रकातील घटकांना चिकटणाऱ्या अँटीबॉडी रक्तात आहेत का, हे ती पाहते. या चाचणीचे मूळ १९४८ मधल्या एका शोधात आहे. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये माल्कम हारग्रेव्ह्ज आणि सहकाऱ्यांना ल्युपसच्या रुग्णांच्या नमुन्यांत एक विचित्र पेशी दिसली. तिला ‘एलई सेल’ नाव मिळाले. पुढे त्यामागे केंद्रकाविरुद्धच्या अँटीबॉडी असल्याचे लक्षात आले.

आज प्रमाणित मानल्या जाणाऱ्या पद्धतीत, म्हणजे इम्युनोफ्लुरोसन्समध्ये, काचेच्या पट्टीवर ‘हेप-२’ नावाच्या मानवी पेशी असतात. त्यावर रुग्णाचे रक्तद्रव टाकतात. अँटीबॉडी असतील तर त्या चिकटतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली हिरव्या चमकतात. मग रक्तद्रव पातळ करत जातात : ४० पट, ८० पट, १६० पट, ३२० पट. ज्या टप्प्यापर्यंत चमक दिसते, तो आकडा अहवालात येतो. म्हणजे १:८० पेक्षा १:६४० हा जास्त ताकदीचा निकाल. आकड्याच्या पुढचा ‘पॅटर्न’ म्हणजे चमक कशी पसरली आहे, त्याचे वर्णन. ‘होमोजिनिअस’, ‘स्पेकल्ड’, ‘सेंट्रोमिअर’ असे त्याचे प्रकार असतात. यातला ‘डेन्स फाइन स्पेकल्ड’ हा प्रकार तर बहुतेकदा निरोगी लोकांतच आढळतो.

मग पॉझिटिव्ह म्हणजे आजार आहे की नाही?

यासाठी एक जुना पण आजही उपयोगी पडणारा अभ्यास पाहू. १९९७ मध्ये वेगवेगळ्या देशांतील १५ प्रयोगशाळांनी निरोगी लोकांच्या रक्ताची एएनए चाचणी केली. १:४० वर सुमारे ३२ टक्के निरोगी लोक पॉझिटिव्ह आले. १:८० वर सुमारे १३ टक्के, १:१६० वर ५ टक्के आणि १:३२० वर सुमारे ३ टक्के. यातल्या कोणालाही ऑटोइम्यून आजार नव्हता.

आता एक ढोबळ गणित करू. समजा, कोणतीही तक्रार नसलेल्या एक हजार लोकांनी ‘फुल बॉडी चेकअप’मध्ये ही चाचणी करून घेतली आणि त्यांच्यातल्या एकाला खरोखर ल्युपस आहे. १:८० हा निकष धरला तर सुमारे १३४ जण पॉझिटिव्ह येतील. त्यातला आजारी एक, बाकी १३३ जणांची झोप विनाकारण उडाली.

आता दुसरे एक हजार लोक घ्या. यांचे सांधे सुजलेले आहेत, तोंड येते, चेहऱ्यावर चट्टा आहे, लघवीतून प्रथिने जातात. समजा त्यांच्यातल्या निम्म्या लोकांना ल्युपस आहे. ल्युपसच्या सुमारे ९८ टक्के रुग्णांत एएनए १:८० किंवा त्याहून जास्त असते. म्हणजे ५०० पैकी ४९० खरे पॉझिटिव्ह आणि उरलेल्या ५०० पैकी ६७ च्या आसपास खोटे. इथे पॉझिटिव्ह आलेल्या दहांपैकी जवळपास नऊ जण खरोखर आजारी आहेत.

चाचणी तीच, लॅब तीच, आकडाही तोच. फरक आहे तो चाचणी कोणाची केली याचा. म्हणूनच तज्ज्ञ आधी तक्रारी ऐकतात, तपासतात आणि मग एएनए लिहून देतात. अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजीने २०१३ मध्येच डॉक्टरांना सांगितले होते की, एएनए पॉझिटिव्ह नसेल आणि आजाराची शंका नसेल, तर पुढच्या अँटीबॉडींच्या चाचण्यांची जंत्री लिहू नका.

हाच मुद्दा महाराष्ट्रातील एका अभ्यासातूनही दिसतो. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे १९९६ पासून ‘कॉपकॉर्ड’ या आंतरराष्ट्रीय उपक्रमांतर्गत घरोघरी जाऊन सांधे-स्नायूंच्या दुखण्याची पाहणी झाली. सुमारे १८ टक्के प्रौढांना असे दुखणे होते. आमवात मात्र सुमारे अर्ध्या टक्क्यालाच आढळला. दुखणारे सांधे पुष्कळ असतात, पण त्यांतले थोडेच ऑटोइम्यून असतात.

निगेटिव्ह आले तर निश्चिंत व्हावे का?

प्रश्न ल्युपसपुरता असेल तर नीट केलेली एएनए चाचणी निगेटिव्ह येणे हा मोठा दिलासा असतो. पण ऑटोइम्यून म्हणजे फक्त ल्युपस नव्हे. आमवाताच्या अनेक रुग्णांत एएनए निगेटिव्ह असते. त्यासाठी ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर आणि अँटी-सीसीपी या वेगळ्या चाचण्या आहेत आणि काही रुग्णांत त्या दोन्हीही निगेटिव्ह येतात. अशा वेळी सुजलेला सांधा तपासणारा डॉक्टरांचा हात आणि सोनोग्राफी किंवा एमआरआय यांवर निदान ठरते. कंबर आणि पाठ आखडवणाऱ्या अँकिलोझिंग स्पाँडिलायटिसमध्ये एएनएचा काही उपयोग नाही. तिथे एचएलए-बी२७ पाहतात. पण हे जनुक असणाऱ्या बहुतेक लोकांना तो आजार कधीच होत नाही, हेही खरे.

ईएसआर आणि सीआरपी या चाचण्या शरीरात कुठेतरी दाह सुरू आहे एवढेच सांगतात. रक्तक्षय, गर्भारपण आणि वाढते वय यांमुळेही ईएसआर वाढतो. उलट, सीआरपी सामान्य असतानाही ल्युपस जोरात असू शकतो.

एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. केस गळतात म्हणून अनेक जण बायोटिनच्या गोळ्या घेतात. जास्त मात्रेतील बायोटिनमुळे थायरॉइडसह काही चाचण्यांचे आकडे चुकीचे येऊ शकतात. रक्त देण्याआधी ते घेत असल्याचे डॉक्टरांना आणि लॅबला सांगायलाच हवे.

तज्ज्ञ निदान कसे करतात?

ल्युपससाठी युरोप आणि अमेरिकेतील तज्ज्ञांच्या संघटनांनी २०१९ मध्ये मिळून गुणांची पद्धत तयार केली. एएनए किमान १:८० असणे ही फक्त प्रवेशाची अट आहे. त्यानंतर गुण मोजायचे. दोन किंवा अधिक सांध्यांना सूज असेल तर ६ गुण, लघवीतून दिवसाला अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त प्रथिने जात असतील तर ४, तोंडातील व्रण किंवा केसगळतीला २, अँटी-डीएस-डीएनए किंवा अँटी-स्मिथ अँटीबॉडीला ६. एकूण १० गुण झाले आणि त्यात किमान एक तरी शारीरिक लक्षण असले, तर तो ल्युपस धरतात. मात्र एखाद्या लक्षणाचे दुसरे सरळ कारण दिसत असेल, तर त्याचे गुण धरायचे नाहीत.

ही पद्धत मुळात संशोधनासाठी रुग्णांची वर्गवारी करायला आहे. दवाखान्यात डॉक्टर ती मार्गदर्शक म्हणून वापरतात. १० पेक्षा कमी गुण असूनही ल्युपस असू शकतो. पण तिच्यातून एक गोष्ट स्पष्ट होते. सुजलेल्या सांध्यांचे ६ आणि लघवीतील प्रथिनांचे ४ मिळून १० होतात. म्हणजे महागड्या अँटीबॉडी पॅनलइतकेच महत्त्व लघवीच्या साध्या तपासणीला आहे. मूत्रपिंडावरचा ल्युपस सुरुवातीला दुखत नाही. लघवीला फेस येणे, सकाळी डोळ्यांभोवती सूज, वाढलेला रक्तदाब एवढीच त्याची चाहूल असते, कधी तीही नसते. लघवीच्या तपासणीत तो आधी दिसतो. त्यामुळे शंका असताना लघवी तपासायला सांगितलेच नसेल, तर रुग्णाने स्वतःहून विचारायला हरकत नाही.

आमवातासाठी २०१० पासून अशीच दहा गुणांची पद्धत आहे आणि त्यात ६ गुण पुरेसे असतात. किती आणि कोणते सांधे धरले आहेत, अँटीबॉडी आहेत का, दाह आहे का आणि त्रास सहा आठवड्यांपेक्षा जास्त काळ आहे का, हे त्यात पाहतात.

आपल्याकडे निदान करताना आणखी काय पाहावे लागते?

पाश्चात्त्य पुस्तकांतली यादी इथे पुरत नाही, कारण आपल्याकडे संसर्ग जास्त आहेत. चिकुनगुन्या हे त्याचे ठळक उदाहरण. १९७३ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील बार्शीत त्याची साथ आली होती. त्यानंतर तीन दशके शांत राहून २००५-०६ मध्ये तो देशभर परतला आणि तेव्हापासून अधूनमधून येतच असतो. ताप उतरल्यावरही काही रुग्णांचे हातापायांचे छोटे सांधे महिनोन् महिने सुजलेले राहतात आणि हे चित्र हुबेहूब आमवातासारखे दिसते. म्हणून ‘गेल्या पावसाळ्यात ताप आला होता का? घरात, गल्लीत कोणाला आला होता का?’ हे प्रश्न महत्त्वाचे ठरतात.

क्षयरोगात वजन घटते, कसर राहते आणि ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर किंवा एएनए पॉझिटिव्ह येऊ शकते. कुष्ठरोगात अंगावर चट्टे येतात आणि त्याच्या ‘रिॲक्शन’मध्ये सांधेही सुजतात. हे दोन्ही आजार बरे होतात. पण त्यांना ऑटोइम्यून समजून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे दिली, तर नुकसान मोठे होते. अशी औषधे सुरू करण्याआधी छातीचा एक्स-रे आणि दबलेल्या क्षयरोगाची तपासणी करतात, ती यासाठीच.

निदानाआधी स्टिरॉइड घेतले तर काय होते?

बरे वाटते आणि तिथेच घोळ होतो. सूज उतरते, चट्टे जातात, सीआरपी खाली येतो. मग तज्ज्ञांकडे पोहोचल्यावर पाहण्यासारखे काही उरत नाही. ‘एका गोळीत गुडघे मोकळे’ म्हणून मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्यांमध्ये अनेकदा स्टिरॉइड असते. महिनोन् महिने ते घेतल्यास साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात, चेहरा सुजतो. ते एकदम बंद करणेही धोक्याचे असते, कारण शरीराने स्वतःचे स्टिरॉइड बनवणे कमी केलेले असते. त्यामुळे अशा पुड्या घेतल्या असतील तर लाज न बाळगता डॉक्टरांना सांगावे आणि त्या त्यांच्या सल्ल्यानेच कमी कराव्यात.

याचा अर्थ स्टिरॉइड वाईट असा नाही. मूत्रपिंड, मेंदू किंवा फुप्फुसांवर हल्ला झाला असेल तर तज्ज्ञ ते ताबडतोब देतात आणि त्याने जीव वाचतो. प्रश्न फक्त कोणी, कशासाठी आणि किती दिवस दिले याचा आहे.

‘अजून नक्की सांगता येत नाही’ असे डॉक्टर म्हणाले तर?

रुग्णाला सर्वात जड जाणारे उत्तर हेच. पण अनेकदा तेच प्रामाणिक उत्तर असते. अमेरिकी लष्कराने साठवून ठेवलेल्या रक्ताच्या नमुन्यांवरचा एक अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे ल्युपस झालेल्या १३० जणांचे जुने नमुने तपासल्यावर ११५ जणांच्या रक्तात निदानाच्या आधीच किमान एक अँटीबॉडी आढळली. एका रुग्णात तर ती निदानाच्या नऊ वर्षांहून अधिक आधी होती. म्हणजे आजार टप्प्याटप्प्याने आकार घेतो आणि मधल्या टप्प्यात त्याला नाव देता येत नाही.

काही लक्षणे आहेत, एएनए पॉझिटिव्ह आहे, पण कोणत्याच एका आजाराचे चित्र पूर्ण होत नाही, अशा स्थितीला ‘अनडिफरन्शिएटेड कनेक्टिव्ह टिश्यू डिसीज’ म्हणतात. काहींमध्ये पुढे ठरावीक आजार स्पष्ट होतो, अनेकांमध्ये स्थिती तशीच सौम्य राहते, तर काहींमध्ये लक्षणे मावळतात. अशा वेळी नाव नसले तरी उपचार थांबत नाहीत. करोनाकाळात घरोघरी माहीत झालेले हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे औषध त्यासाठी बरेचदा देतात आणि दीर्घकाळ चालणार असेल तर डोळ्यांची तपासणी ठेवतात. ‘तीन महिन्यांनी पुन्हा या’ हे टाळण्यासाठी सांगितलेले नसते. तीन महिन्यांत काय बदलले, ही त्या तपासणीतली सर्वात मोठी माहिती असते.

रुग्णाने स्वतः काय करावे?

फोन खिशात असतोच, त्याचा उपयोग करून घ्यावा.

– एका पानावर तारखांसह क्रम लिहा : पहिली तक्रार कधी, कशानंतर, किती दिवस टिकली. ताप, प्रवास, बाळंतपण, नवे औषध यांच्या नोंदी करा.

– चट्टा, सूज, थंडीत पांढरी-निळी पडणारी बोटे यांचे उजेडात फोटो काढा. डॉक्टरांच्या वेळेपर्यंत हे दिसेनासे होते.

– सकाळी अंग मोकळे व्हायला किती मिनिटे लागतात, ते आठवडाभर लिहा. अर्धा-एक तास लागत असेल आणि हालचालीने बरे वाटत असेल तर दाहाचा संशय वाढतो. कामाने वाढणारे आणि विश्रांतीने थांबणारे दुखणे बहुधा झिजेचे असते.

– सर्व औषधांची यादी करा. त्यात आयुर्वेदिक काढे, पुड्या, केसांच्या आणि वजनाच्या गोळ्याही येतात.

– घरात कोणाला थायरॉइड, आमवात, कोड, सोरायसिस आहे का, हे विचारून ठेवा. वारंवार गर्भपात झाले असतील तर ते आवर्जून सांगा. त्यामागे रक्ताच्या गुठळ्या करणाऱ्या अँटीबॉडी असू शकतात आणि त्या १२ आठवड्यांच्या अंतराने पुन्हा तपासून पक्क्या कराव्या लागतात.

– सर्व अहवाल तारखेनुसार एका पीडीएफमध्ये ठेवा. एकदा पॉझिटिव्ह आलेले एएनए दर महिन्याला पुन्हा करण्याची गरज नसते. आजार किती जोरात आहे, हे त्यावरून कळत नाही.

– डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा : तुम्हाला कोणत्या आजारांची शंका आहे? त्या पक्क्या किंवा बाद करायला काय तपासायचे? कोणते लक्षण दिसले तर मी वेळेआधी यावे?

सुरुवात फॅमिली डॉक्टर किंवा एमडी फिजिशियनपासून करावी. सांधे, त्वचा, कोरडेपणा, स्नायू अशा अनेक ठिकाणी तक्रारी असतील तर ऱ्हुमॅटॉलॉजिस्टकडे जावे. हाडांचे डॉक्टर वेगळे, हे वेगळे. हे तज्ज्ञ प्रामुख्याने मोठ्या शहरांत आहेत. त्यामुळे लांबच्या रुग्णाने एकदा शहरात नीट तपासून घेऊन पुढचा पाठपुरावा गावाजवळच्या फिजिशियनकडे ठेवण्याची सोय दोन्ही डॉक्टरांशी बोलून करून घ्यावी. खर्च परवडत नसेल तर सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या मेडिसिन विभागाच्या ओपीडीत जावे.

कोणत्या लक्षणांसाठी थांबू नये?

लघवी लालसर किंवा फार फेसाळ होणे, पायांवर आणि चेहऱ्यावर सूज, श्वास लागणे किंवा छातीत दुखणे, फिट येणे किंवा असंबद्ध बोलणे, अचानक अंधुक दिसणे, बोटांची टोके काळी पडणे, एकाच पायाला अचानक सूज, जमिनीवरून उठता न येणे किंवा हात डोक्यापर्यंत न जाणे, गिळायला त्रास. यातले काहीही झाले तर तज्ज्ञांच्या वेळेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. गर्भवतीला ल्युपस किंवा शोग्रेनची शंका असेल तर हे स्त्रीरोगतज्ज्ञांना सुरुवातीलाच सांगावे, कारण आईच्या रक्तातील अँटी-आरओ अँटीबॉडी गर्भाच्या हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करू शकतात.

थोडक्यात काय?

१:८० ची पीडीएफ हातात आहे, पण सांधे सुजलेले नाहीत, चट्टे नाहीत, हिमोग्राम आणि लघवीची तपासणी ठीक आहे आणि डॉक्टरांनी तपासून काही आढळले नाही, तर त्या अहवालाची तारीख लिहून तो फाइलमध्ये ठेवावा. नवे लक्षण आले तरच तो पुन्हा बाहेर काढावा.

आणि अहवाल ‘नॉर्मल’ आहे, पण सहा आठवडे उलटूनही बोटे सुजतात, कसर जात नाही, कपडे पिळता येत नाहीत, तर दुखणे अंगावर काढू नये. फोटो, नोंदी आणि सगळे केसपेपर घेऊन एकाच डॉक्टरांसमोर बसावे. आमवातात सांध्यांची झीज पहिल्या एक-दोन वर्षांतच सुरू होऊ शकते आणि झिजलेला सांधा औषधाने पूर्ववत होत नाही. वेळेत सुरू केलेली औषधे मात्र ही झीज थोपवू शकतात.

(हा लेख माहितीसाठी आहे. औषध सुरू करणे, बदलणे किंवा बंद करणे हे डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करावे.)